लॉकलिनची मुकी डबी

१

डबीचं झाकण निघालं आणि आतली अर्धी जागा रिकामी दिसली.

"नाहीये," रॅनल्ड मॅकॅस्किल म्हणाला. स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच धरून तो आत बघत राहिला. "मला वाटलं डिस्क मेली असेल. इथे तर डिस्कच नाहीये, कॉर्पोरल."

ओडील सॅमसन पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पोर्ट अल्बानमध्ये तिला अजून सगळे कॉर्पोरलच म्हणत. आता ती गावातल्या एकुलत्या एक वकिलासाठी मयतांची घरं, मृत्युपत्रं, भावाभावांची भांडणं असली कामं बघायची. केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावर माणसं भांडायला कधी कमी पडली नाहीत, त्यामुळे गुडघे कुरकुरत असले तरी काम काही सुटत नव्हतं.

हे घर लॉकलिन बीटनचं. म्हाताऱ्यांची गाणी, आठवणी, वादळांच्या हकिगती रेकॉर्ड करून रेडिओला द्यायच्या, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. मागच्या आठवड्यात तो याच टेबलाशी बसल्या बसल्या गेला. हृदय बंद पडलं. त्यात संशयाला जागा नव्हती. डॉक्टरला नव्हती आणि ओडीललाही नव्हती. संशय होता तो या डबीबद्दल. डबी म्हणजे त्याचा कॉम्प्युटर. जेवणाच्या डब्याएवढा, पडद्याच्या पाठीला अडकवलेला, वाकून पाहिल्याशिवाय दिसायचाही नाही. लॉकलिनने वकिलाला सांगून ठेवलेला पासवर्ड घातला तेव्हा तो सुरू झाला खरा, पण पडद्यावर ओळ आली: रेकॉर्डिंगची डिस्क सापडत नाही. म्हणून ओडीलने रॅनल्डला डबी उघडायला लावली होती. तो आधी नको नकोच म्हणत होता.

"मला या पेट्यांमधलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "साध्या माणसाला सांगतात तसं सांग."

"मीच जोडून दिला होता हा त्याला, दोन वर्षांपूर्वी. आत दोन डिस्क. एक ही, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. हिच्यात काही फिरत नाही, नुसत्या चिप. झटपट चालते, पण जागा बेताची. मशीन सुरू करायचं सामान तेवढं हिच्यावर. दुसरी मोठी, आत चकती फिरणारी. चालीला मंद, पण पोटात वाटेल तेवढं मावतं. लॉकलिनचं सगळं रेकॉर्डिंग त्या मोठीवर." तो थांबला. "म्हणजे, होतं."

"मग माझ्या मर्डॉकचं गेलं?"

दारात रॅनल्डची आई उभी होती. एफी मॅकॅस्किल, पासष्टीला आलेली, काळ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ओडील इथे आली होती ती वकिलासाठी कमी आणि एफीसाठी जास्त.

नऊ वर्षांपूर्वी 'ब्राइट मॉर्निंग' नावाची बोट धुक्यात घरी येता येता बंदराच्या तोंडावरच्या खडकावर आदळली. कप्तान ह्यूई गिलिस वाचला, एफीचा धाकटा रॅनल्ड वाचला. थोरला मर्डॉक आणि जेसी मॅथेसनचा कॉलिन बुडाले. चौकशीत ठरलं की सुकाणूवर मर्डॉक होता आणि त्याला झोप लागली. धक्क्याजवळच्या दगडावर बुडालेल्यांची नावं कोरतात. तिथे कॉलिनचं नाव आलं, मर्डॉकचं नाही. त्याचं घालणार असाल तर माझ्या मुलाचं काढा, असं जेसीने सगळ्यांसमोर सुनावलं होतं. तेव्हापासून चर्चमध्ये एफी शेजारी आली की जेसी उठून दुसऱ्या बाकावर जायची. आपला मर्डॉक सुकाणूवर झोपणं शक्य नाही, हे एफी भेटेल त्याला सांगत राहिली. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन कीव करायचे.

आणि मरायच्या थोडे दिवस आधी लॉकलिन तिच्या दारात आला. म्हणाला, "एफी, मला कळलंय. सुकाणूवर मर्डॉक नव्हता. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. थोडं काम राहिलंय, ते झालं की सगळ्यात आधी तुला ऐकवतो." एफीने ते त्याच संध्याकाळी अर्ध्या गावाला सांगितलं. सांगणारच ना!

"आई, तू बस," रॅनल्डने तिला खुर्ची दिली. मग ओडीलकडे वळला. "लॉकलिन गेला त्या दिवशी सकाळी ह्यूई इथे येऊन गेलाय. आणि ती रेडिओवाली नदीन, ती अंत्यविधीला आली होती तेव्हा याच टेबलाभोवती घोटाळत होती. विचारा त्यांना."

"लॉकलिन आधी सापडला कुणाला?"

"मला. दुपारी लाकडं टाकायला आलो तेव्हा."

एफी डबीकडे बघत होती. "अंत्यविधीच्या चहासाठी मीच घर झाडलं," ती म्हणाली. "एरवी या खोलीत मांजर झोपल्यासारखी घुरघुर असायची. त्या दिवशी चिडीचूप होतं. मला वाटलं, मयताचं घर आहे म्हणून."

ओडीलने झाकण हातात घेतलं. चार बारीक स्क्रू, रॅनल्डने आत्ताच काढलेले, बशीत पडले होते. म्हणजे नेणाऱ्याने ते काढून पुन्हा जागच्या जागी बसवले होते. त्याला घाई नव्हती. कोणीतरी या खोलीत निवांत बसून हे काम केलं होतं, आणि त्या वेळी लॉकलिन बहुतेक खुर्चीतच होता.

२

ह्यूई गिलिस त्याच्या शेडमध्ये लॉब्स्टरचे सापळे दुरुस्त करत बसला होता. बाहेर बंदरात बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते.

"या, सरकार आलं."

"सरकार कधीच गेलं, ह्यूई. आता नुसती ओडील आहे. लॉकलिनकडे गेला होतास त्या दिवशी?"

"मासे द्यायला. जिवंत होता तेव्हा. चहा नेहमीसारखाच भिकार केला होता, म्हणजे तब्येत ठीक असावी."

"त्याच्याशी बोटीबद्दल बोललास तू. रेकॉर्ड होत असताना."

सापळ्यावरचा दोरा ओढता ओढता तो थांबला. उजव्या हाताची दोन बोटं बोट बुडाली त्या रात्रीच्या गारठ्यात गेली होती. उरलेल्या तिन्हींत दोरा नीट धरवत नव्हता.

"फेब्रुवारीत. एकदा. कर्करोग झालाय मला, ठाऊक असेलच. गावात काय लपतंय? म्हटलं, पोटातलं एकाला तरी सांगून जाऊ."

"काय सांगितलंस?"

"ते लॉकलिनला सांगितलं. तुला नाही सांगणार."

"एफीला?"

"एफीला तर मुळीच नाही!" तो एकदम भडकला. "लॉकलिनलाही म्हटलं होतं, आधी नीट विचार कर. त्या बाईची तुला जरा जरी माया असेल ना ओडील, तर हे इथेच सोडून दे."

"डिस्क तू नेलीस?"

"कसली डिस्क?"

"त्याच्या पडद्यामागे डबी आहे. तिच्या आतली."

"ती? मी समजत होतो टीव्हीचं काहीतरी असेल." तो हसला आणि हसता हसता खोकत सुटला. "मला माहीत असतं तर अख्खी डबी उपटून धक्क्यावरून भिरकावली असती. हे बघ," त्याने तीन बोटांचा हात पुढे केला, "याने मला शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि म्हणे डिस्क काढली."

ओडीलला ते पटलं. जाता जाता ती दारात वळली.

"सुकाणूवर तूच होतास का, ह्यूई?"

मेलेल्याच्या नावावर टाकलं तर कुणाचं काय जातंय, असं वाटलं होतं तेव्हा, तो सापळ्याकडे बघत पुटपुटला. एफीचं जाईल हे डोक्यातच आलं नाही.

"मी असतो तर किती सोपं झालं असतं गं," तो म्हणाला.

३

रेडिओचं ऑफिस शहरात, दीड तासाच्या वाटेवर. नदीन कोमो लॉकलिनचे कार्यक्रम प्रसारणाआधी तपासायची. तिशीतली, तोंडाने फटकळ. ओडीलसमोर तिने कॉफीचा कागदी पेला आदळला.

"गावात मी चोर ठरलेय म्हणे. कोण बोललं?"

"रॅनल्ड मॅकॅस्किल."

"त्याला सांगा, मी चोर असते तर निदान अक्कल वापरली असती. नेलं काय, तर ती मोठी डिस्क? कशाला? तिच्यावर ह्यूईचं नव्हतंच."

ओडीलने उचललेला पेला परत खाली ठेवला. "म्हणजे?"

"गेल्या शरदात त्याने मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. त्याच्याच घरात केलेलं. म्हातारी बाई गॅलिक भाषेतलं गाणं म्हणतेय, अंगावर काटा येईल असं, आणि मागे सतत घुर्रर्र. मी म्हटलं, लॉकलिन, आजीबाईंच्या मागे तुझा फ्रिज गातोय. बिचाऱ्याने आठवडाभर घर पालथं घातलं. फ्रिज बंद केला, घड्याळ उतरवलं, मांजर शेजाऱ्यांकडे दिलं. शेवटी सापडलं, ती फिरणारी डिस्क. डबी टेबलावरच, माइकही टेबलावरच, मग काय होणार?" ती बोलता बोलता हसली आणि डोळे पुसायला लागली. "तेव्हापासून त्याने रीतच बदलली. रेकॉर्ड करताना मोठी झोपवून ठेवायची. नवं काम, कापणं, जोडणं, सगळं छोटीवर, कारण ती आवाजच करत नाही. काम पुरं झालं, मी पास केलं, की मगच मोठीवर टाकायचं. मोठी म्हणजे त्याचं कोठार."

"आणि ह्यूईचं काम पुरं झालं नव्हतं."

"मला ऐकवलंही नव्हतं. म्हणायचा, आधी एक बाई ऐकेल, मग तू. ते छोटीवरच असणार. बघितलं नाही कोणी?"

"तिच्यावर नुसतं मशीन सुरू करायचं सामान आहे असं सांगितलं आम्हाला."

"कोणी सांगितलं?"

ओडील उत्तर न देताच बाहेर पडली. आनंद इतका झाला होता की तिने गाडीत बसायच्या आधीच एफीला फोन लावला. "एफी, गेलेलं नाही. मर्डॉकचं रेकॉर्डिंग अजून त्या डबीतच आहे. मी निघालेच." पलीकडे एफी रडायलाच लागली, आणि तिच्या मागून रॅनल्डचा आवाज आला, "काय म्हणतेय ती, आई?"

गाडी गावाच्या रस्त्याला लागली तेव्हा तिने नदीनच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात दिलं, आणि तिचा आनंद ओसरला.

डबी चोराने जागेवर ठेवली होती आणि नेली होती ती एकच डिस्क. म्हणजे आत दोन आहेत हे त्याला माहीत होतं, आणि मशीन छोटीवरून सुरू होतं हेही. मशीन सुरू होत राहिलं तर लोकांना वाटेल, जुनी डिस्क मेली, आणि तपास कोणी करणार नाही. ह्यूईला तर डबी काय असते तेच माहीत नव्हतं. नदीनला सगळं माहीत होतं, म्हणून तिने छोटी नेली असती. शिवाय ती आली अंत्यविधीला, आणि एफी चहासाठी घर झाडत होती तेव्हाच खोली गप्प झालेली होती. मोठी नेणारा माणूस असा हवा की ज्याला डबीच्या आतलं सगळं ठाऊक, पण लॉकलिनची नवी रीत ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी जे होतं तेच अजून आहे असं समजणारा.

असा माणूस एकच होता, आणि आपण आत्ताच त्याच्या घरी फोन केला होता. ओडीलने गाडीचा वेग वाढवला. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात बसत नव्हती. भावाचं नाव धुऊन निघणार होतं, मग याने आड का यावं?

४

धुकं इतकं उतरलं होतं की भर दुपारी लॉकलिनच्या दारातला रॅनल्डचा ट्रक तिला अगदी जवळ गेल्यावर दिसला.

तो आत लॉकलिनच्या खुर्चीत बसला होता. डबीचं झाकण निघालेलं, स्क्रू ड्रायव्हर टेबलावर. ओडीलने आधी डबीत पाहिलं. ती बारीक पट्टी जागेवर होती.

"काढणार होतो," तो म्हणाला. "हात गेला नाही."

"मोठी तूच नेलीस."

"हो." त्याने स्क्रू ड्रायव्हर बाजूला सारला. "लाकडं घेऊन आलो तेव्हा तो गेलेला होता, कॉर्पोरल. शपथेवर सांगतो. हात गार पडले होते. ॲम्ब्युलन्स बोलवायला फोन उचलला आणि डबी दिसली. पासवर्ड मला माहीत नव्हता, म्हणून डिस्कच काढली. त्याच्याशेजारी बसून स्क्रू काढले मी. त्याची माफी मागत होतो सारखा."

"रीत बदलल्याचं त्याने तुला सांगितलं नव्हतं."

"मी जोडून दिली ती कधी बिघडलीच नाही. मग बोलावणार कशाला?" तो कसनुसा हसला. "लावा ना ते. ह्यूई काय म्हणाला ते मला ऐकायचंय."

ओडीलने पासवर्ड घातला आणि नदीनने सांगितल्याप्रमाणे चालू कामाचा कप्पा उघडला. तिथे एकच रेकॉर्डिंग होतं. खोलीत ह्यूईचा खोकला ऐकू आला, मागे कसलीही घुरघुर नाही.

"सुकाणूवर रॅनल्ड होता," ह्यूईचा आवाज म्हणाला. "एकोणीस वर्षांचं पोर. दोन रात्री कोणी डोळा मिटला नव्हता. त्याच्याकडे परवाना नव्हता, तरी मीच बसवला त्याला, आणि त्याला डुलकी लागली. मर्डॉक खाली झोपला होता. आदळलो तेव्हा तो वर आला, भावाला उचलून तराफ्यात ढकललं आणि कॉलिनला काढायला परत खाली गेला. मी नको म्हणत होतो. मग दोघंही आले नाहीत." तो पुन्हा खोकला. "तराफ्यात पोर बडबडत होतं, मी मारलं, मी मारलं. मी त्याला म्हटलं, गप. सुकाणूवर मर्डॉक होता. कळलं? मर्डॉक होता. ते मी त्याला वाचवायला म्हटलं की स्वतःला, ते देवाला ठाऊक. मला नाही."

रेकॉर्डिंग संपलं. रॅनल्डने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला होता.

"मोठी डिस्क कुठेय?" ओडीलने हळूच विचारलं.

"घरी. माझ्या मोज्यांच्या खणात. रोज ठरवायचो, आज पाण्यात टाकतो. मर्डॉकची गाणी आहेत तिच्यावर, लॉकलिनने घेतलेली. तो उरलाय तो तेवढाच, कॉर्पोरल. दुसऱ्यांदा कसा बुडवू त्याला?"

ओडीलने आयुष्यात अनेकांना पकडलं होतं. त्यातल्या कुणाच्याही शेजारी खुर्ची ओढून ती अशी बसली नव्हती.

"तुझी आई वाट बघतेय," ती अखेर म्हणाली. "मी सांगू, की तू सांगतोस?"

५

एफीने टेबलावर चांगले कप काढले होते, ओटकेक मांडले होते. केससुद्धा नव्याने विंचरले होते. ओडीलच्या मागून रॅनल्ड आत आला तसा तिचा चेहरा फुलला, आणि दोघांची तोंडं नीट दिसल्यावर तसाच उतरला.

"बस, आई," रॅनल्ड म्हणाला. "मला सांगायचंय."

त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, एकही शब्द न गाळता. किटली शिट्टी घालायला लागली तेव्हा ओडीलने उठून शेगडी बंद केली.

"त्याने तुला तराफ्यात ढकललं?" एवढंच एफीने शेवटी विचारलं.

"हो. उचलूनच टाकलं. मग खाली गेला."

"खाली गेला." तिने मान हलवली. "मर्डॉकच तो. जाणारच." मग ती ओडीलकडे वळली, आणि ओडीलला वाटलं, आपण या घरात आलोच नसतो तर बरं झालं असतं. "मी एक मुलगा परत मागितला होता गं तुझ्याकडे. त्याच्या बदल्यात दुसरा काढून घे असं कुठे म्हटलं होतं मी?"

"एफी, हे रेडिओवर गेलंच पाहिजे असं नाही," ओडील म्हणाली. असं बोलायचा आपल्याला अधिकार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती बोलली. "ह्यूई फार दिवस नाही. बाकी कोणाला माहीत नाही. तुम्ही सांगाल तसं."

रॅनल्डने आईकडे पाहिलं. त्या पाहण्यातली आशा ओडीलला बघवेना.

"नऊ वर्षं तू या टेबलाशी माझ्यासमोर बसून जेवलास," एफी म्हणाली.

"हो."

"जेसी उठून दुसऱ्या बाकावर जायची, तेव्हा माझा हात धरून बसायचास. मी म्हणायचे, माझा मर्डॉक झोपणार नाही, आणि तू म्हणायचास, जाऊ दे आई."

"हो, आई."

"आणि मला वाटायचं, किती माया या पोराला." ती टेबलाला धरून उभी राहिली, आणि ओडील पुढे झाली तर तिला हातानेच थांबवलं. "कोट घाल."

"कुठे जायचंय?"

"जेसीकडे."

रॅनल्डच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्ता? आई, मला जरा... बरं. मी जातो. पण मी एकटा जातो. तू नको. ती तुला वाटेल ते बोलेल."

"बोलू दे. नऊ वर्षं बोलतेच आहे. तिच्यापुढे मर्डॉकसाठी उभी राहिले, तुझ्यासाठीही राहीन. तुझी आई मी आहे, दुसरं कोण येणार तुझ्याबरोबर?" ती स्वतःचा कोट चढवून बटणं लावायला लागली. बटणं काजात बसेनात, म्हणून रॅनल्डने वाकून ती लावून दिली, आणि तिने लावू दिली.

मॅथेसनांचं घर चार घरं सोडून. ओडील फाटकाशीच थांबली. धुक्यात ती दोघं पायऱ्या चढली. एफीने दार ठोठावलं. आतून पावलं आली, कडी निघाली आणि जेसी दारात दिसली. एफीला पाहून तिने दार परत ओढून घ्यायला हात घातला.

एफीने मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढे ढकललं.

"सांग तिला," ती म्हणाली.